लांडगे सहाला येतील

नील आणि रेवा, मी आयुष्यात कोणालाही ताटकळत ठेवलेलं नाही. अपवाद एकच. तो कसा घडला ते क्रमाने लिहून ठेवते आहे, कारण शशीताई ही हकिकत मुलुंडभर सांगत असतात आणि त्यांच्या हकिकतीत मी एका सभ्य गृहस्थांच्या अंगावर काठी घेऊन धावले असं आहे. माझ्या हातात काठी नव्हती. टॉर्च होता, आणि तोही बंद होता.

(रेवा, तू मोठ्याने वाच. नीलला जोडाक्षरं अडतात. आणि आबा फोनवर असताना वाचू नकोस. का ते शेवटी कळेल.)

सुरुवात तुमच्यापासूनच झाली. मागच्या डिसेंबरात तुम्ही आईबाबांबरोबर तिकडे परदेशातल्या बर्फात लांडगे पाहायला गेला होतात. गाईड, दुर्बीण, तीन तास गप्प बसायचं, आणि शेवटी झाडांच्या कडेला एक काळा ठिपका! रविवारच्या व्हिडिओ कॉलवर नील त्या ठिपक्याचं वर्णन करताना खुर्चीवरून दोनदा खाली पडला. इकडे सोफ्यावर आबांना ते सहन होईना. नातू एवढा रंगात आलेला आणि आपल्याकडे सांगायला काही नाही, असं त्यांच्या बाबतीत कधी झालेलं नाही. त्यांनी हात झटकला आणि म्हणाले, "त्यात काय रे! आमच्या देवगडात घराच्या मागे रोज लांडगे यायचे. मी दगड मारून पळवायचो."

नील आ वासून बघत राहिला. रेवा गप्प झाली. रेवा गप्प झाली की मी सावध होते, कारण मीही बारा वर्षांची असताना तशीच गप्प व्हायचे आणि मग पुस्तक उघडायचे.

पुढच्या रविवारी रेवाने कॅमेऱ्यापुढे नकाशा धरला. भारतात लांडगे कुठे आहेत तो भाग रंगवलेला होता. सह्याद्रीच्या पलीकडचं पठार सगळं रंगलेलं, आणि अलीकडची कोकणपट्टी धुतलेल्या पंच्यासारखी पांढरीशुभ्र. रेवा शांतपणे म्हणाली, "आबा, तुमच्या गावात लांडगे नसतातच."

तुम्हाला वाटलं तेव्हा आमचं नेट गेलं. नेट गेलं नव्हतं. आबांनी स्वतःच्या बोटाने फोन बंद केला.

आबांनी लहानपणी जे पाहिलं ते कोल्हे होते. त्यांच्या मालवणीत कोलो. कोलो पळवला यात कमीपणा काहीच नाही, पण ते सांगायची वेळ निघून गेली होती. त्यानंतरचे दोन रविवार आबांना कॉलच्या वेळेला बरोबर खोकला येत असे. तिसऱ्या रविवारी नीलने मला हळूच विचारलं, "आजी, आबा खोटं बोलले का?" मी विमा कंपनीच्या दावे विभागात बत्तीस वर्षं काढली आहेत. मी सवयीने म्हटलं, "चौकशी करून कळवते."

हे आबांनी स्वयंपाकघरातून ऐकलं. त्या दिवशी ते जेवले नीट, पण श्रीखंड दुसऱ्यांदा मागितलं नाही. संध्याकाळी गॅलरीत उभे असताना म्हणाले, "आता पोरगा माझं काहीच खरं मानणार नाही. भुताच्या गोष्टीसुद्धा." आणि थोड्या वेळाने, "एकदाच खरा लांडगा बघितला ना गं, की त्याच्या डोळ्याला डोळा भिडवून बोलेन."

दावा असा होता. आता पुरावा उभा करायचा होता, आणि ते माझं काम!

मुलुंडात बिबट्या बघायला कुठे जावं लागत नाही. तो आपण होऊन डोंगराकडच्या सोसायट्यांमध्ये येतो आणि सीसीटीव्हीत दिसतो. लांडग्याचं तसं नाही. पण तिसऱ्या मजल्यावरच्या शशीताईंच्या भाचीने पत्ता काढला. पुण्याच्या पुढे, माळरानावर, थंडीच्या दिवसांत लहान लहान गट नेऊन लांडगे दाखवतात. मुक्ता नावाची एक मुलगी हे सगळं ठरवते. मी तिला फोन केला. तिच्या सगळ्या तारखा भरलेल्या होत्या, एक शनिवार सकाळ सोडून. ती मी तिथल्या तिथे पक्की केली. शशीताई बँकेतून निवृत्त झाल्या आहेत आणि मागे कोणीतरी लागल्यासारखी गाडी चालवतात. त्या म्हणाल्या, मी नेते, पण रविवारी सकाळी माझ्या घरी नणंदेची पंचाहत्तरी आहे, शनिवारी रात्रीपर्यंत मुलुंडात परत. म्हणजे आबांच्या हातात एकच सकाळ होती. तीही सूर्य वर येईपर्यंतची, कारण ऊन चढलं की लांडगे कुठेतरी आडोशाला जाऊन झोपतात, असं मुक्ताने सांगितलं होतं.

निघण्याच्या चार दिवस आधी मुक्ताचा मेसेज आला. हल्लीची मुलं मराठी इंग्रजी अक्षरांत लिहितात. मी तो चष्मा पुसून मोठ्याने वाचला: "सकाळी सहाला लांडगे गेटजवळ येतील. वेळेचे पक्के आहेत. त्यांच्या मागून चाला, पुढे जाऊ नका. बोलू नका. टॉर्च मारू नका. भडक कपडे नकोत."

खरं सांगते, एखाद्या रानटी प्राण्याबद्दल मला आयुष्यात पहिल्यांदा आदर वाटला. सहाला म्हणजे सहाला! आमच्या सोसायटीची वार्षिक सभा अजून एकदाही वेळेवर सुरू झालेली नाही.

आबा म्हणाले, "लांडग्यांना वेळ कोणी सांगितली?"

मी म्हटलं, प्राण्यांचे रस्ते आणि वेळा ठरलेल्या असतात, आपल्यासारखं नसतं.

शशीताई म्हणाल्या, "अगं, कोणीतरी माणूस असेल. आमच्या घाटकोपर ब्रँचला एक लांडगे होते कॅशला. चांगला होता बिचारा."

यावर मी जे बोलले ते शशीताई आता लग्नकार्यातसुद्धा माझ्या आवाजात करून दाखवतात. मी फोन त्यांच्यापुढे धरला आणि म्हटलं, "शशीताई, एल लहान आहे."

"म्हणजे?"

"विशेषनामाचं पहिलं अक्षर मोठं असतं. इथे एल लहान आहे. म्हणजे हे सामान्यनाम आहे. म्हणजे प्राणी."

शशीताईंनी आबांकडे पाहिलं. आबांनी छताकडे पाहिलं. अठ्ठेचाळीस वर्षांच्या संसारात आबांनी माझ्याशी व्याकरणावर कधी वाद घातलेला नाही. व्याकरणाने माझी बाजू घेतली आणि तिथेच आमची वाट लागली.

मग मी सूचनांचा कागद केला. नऊ कलमं, तीन प्रती. कलम चार माझं स्वतःचं होतं: "तोंडावर मफलर घट्ट बांधावा, म्हणजे बोलण्याचा मोह होणार नाही." (हे मुख्यतः शशीताईंसाठी होतं.) लांडग्यांच्या मागून चालणं ही काही रोजची गोष्ट नाही, म्हणून गुरुवारी संध्याकाळी सोसायटीच्या आवारात तालीम घेतली. आबा लांडगा झाले. ते पुढे, आम्ही दोघी वीस पावलं मागे, तोंडं बांधलेली, मातकट शालींमध्ये. आबा पार्किंगमधून पाण्याच्या टाकीकडे गेले, तिथून जनरेटरमागे. दुसऱ्या फेरीला त्यांचा गुडघा धरला आणि लांडगा पायरीवर बसला. वॉचमन धावत आला आणि मला विचारू लागला, "मॅडम, साहब घर से निकल जाते हैं क्या?" कलम चारमुळे मला उत्तर देता येईना. त्याने आबांना हाताला धरून लिफ्टपर्यंत सोडलं. अजूनही आबा एकटे खाली उतरले की तो उठून उभा राहतो.

शुक्रवारी आम्ही निघालो. सत्तरीच्या माणसांनी सहलीला जाताना एवढं आनंदी असू नये, पण होतो. आबा खिडकीत बसून प्रत्येक कुत्र्याकडे परीक्षा घेतल्यासारखं बघत होते. शशीताईंनी घाटात तीन ट्रक मागे टाकले आणि दर वेळी "बाय बाय" म्हणाल्या. मुंबईकरांकडे गरम कपडे असतात ते दुसऱ्यांच्या गावी जाण्यासाठी, त्यामुळे आमचे स्वेटर कपाटाच्या तळातून निघाले होते आणि गाडीत डांबरगोळ्यांचा वास भरला होता. पुणं ओलांडलं तसं आकाश मोठं झालं. मग झाडं कमी होत गेली, आणि दिवस कलताना आम्ही त्या माळाच्या कडेला पोहोचलो. सोनेरी गवत, इतकं मोकळं की मुलुंडच्या माणसाला कुठे बघावं कळत नाही, कारण नजर अडवायला समोर कोणाची गॅलरीच नाही!

मुक्कामाचं घर एका शेतात होतं. पुढे कुंपण, कुंपणाला लाकडी गेट, गेटच्या आत कडब्याची गंजी. मुक्ता स्वतः पुण्यातच होती. घरच्या बाईंनी पिठलं-भाकरी वाढली. मी त्यांना विचारलं, लांडगे नक्की सहाला येतात ना? त्या म्हणाल्या, "व्हय की. कवा कवा पाच मिनटं आधीच येत्यात." मी शशीताईंकडे पाहिलं. असं पाहणं बरं नव्हे, पण मी पाहिलं.

पहाटे साडेपाचला आम्ही तिघं गंजीमागे हजर. थंडी अशी की शब्द तोंडातच गोठावेत, म्हणजे कलम चारची गरजच नव्हती, तरी मफलर बांधले. आबांनी दुर्बीण छातीशी धरली होती, देवाची मूर्ती धरतात तशी.  मी त्यांचा हात धरला. 

सहाला दोन मिनिटं कमी असताना गेटपाशी काहीतरी हललं.

आबांनी श्वास रोखला. मी डोळे ताणले. आणि दिसलं काय, तर एक माणूस! खांद्यावर घोंगडी, हातात काठी, अगदी आरामात गेटला टेकून उभा. जिथे लांडगे यायचे, नेमका तिथे!

तुमच्या आजीला गोंधळ चालत नाही हे तुम्हाला माहीत आहे. मी मफलर खाली केला, हातात बंद टॉर्च घेऊन गंजीमागून निघाले आणि त्यांना दबक्या आवाजात म्हटलं, "अहो दादा, इथे उभे राहू नका. लांडगे यायचेत."

ते माझ्याकडे बघत राहिले. "लांडगे?"

"हो. सहाला."

त्यांनी वर आकाशाकडे पाहिलं. "सहा झालेच की."

"म्हणून तर म्हणते, बाजूला व्हा."

ते विचारात पडले. मग म्हणाले, "कुठले लांडगे?"

"इथलेच असतील. मला काय माहीत?"

"न्हाई, म्हंजी वरल्या आळीचे का खालल्या?"

(इथे मला गावकऱ्यांचं कौतुक वाटलं. लांडगे कुठल्या आळीचे तेसुद्धा ओळखतात! आम्हाला आमच्या बी विंगमधली माणसं ओळखता येत नाहीत.)

मी म्हटलं, "ते आम्हाला चालतील कुठलेही. पण तुम्ही असलात तर ते येणार नाहीत."

त्यांचा चेहरा पडला. ते मला तेव्हा दिसलं, पण मी त्याचा अर्थ थंडी असा लावला. "असं ठरलंय व्हय," एवढंच म्हणाले, आणि मान खाली घालून समोरच्या बाभळीखाली जाऊन बसले. मी परत गंजीमागे आले. आबांनी माझा खांदा थोपटला. शशीताईंनी शाबासकीचा अंगठा वर केला. हे त्या आता सांगत नाहीत.

सव्वासहा झाले, लांडगे नाहीत. साडेसहा झाले. पूर्वेला आकाश आधी राखाडी, मग गुलाबी झालं. माळावरून पक्ष्यांचे आवाज सुरू झाले. बाभळीखालचे गृहस्थ काही जाईनात. ते रस्त्याकडे बघत होते, आम्ही गेटकडे बघत होतो, आणि गेटकडे कोणी फिरकत नव्हतं. सातला सूर्याची कड वर आली आणि आबांनी दुर्बीण हळूच खाली ठेवली.  मी कलम नऊ वाचून दाखवणार होते ("निराश होऊ नये"), पण माझंच मन होईना. एकच सकाळ होती आणि ती आमच्या डोळ्यांदेखत उजाडून चालली होती.

तेवढ्यात माझा फोन थरथरला. मुक्ता.

"आजी, काय झालं? लांडगे म्हणतायत तुम्ही त्यांना हाकललं."

"हाकललं? आलेच कुठे ते?"

"अहो, आत्ता फोन केला त्यांनी मला."

"लांडग्यांनी फोन केला?"

  मी मान वळवली. बाभळीखाली ते गृहस्थ फोन हातात धरून माझ्याकडेच बघत होते.

पोरांनो, इंग्रजीत एक मिस्टर लावला असता तर हे घडलं नसतं. मराठीत आदर दाखवायचा तर माणसाचं अनेकवचन करतात, आणि लांडगे तर मुळातच अनेकवचनात हिंडतात. मधल्या फटीत मी सापडले!

मी बाभळीपर्यंत चालत गेले. ते तीस पावलांचं अंतर मला माझ्या दावे विभागातल्या सगळ्या चौकशांपेक्षा लांब वाटलं. हात जोडून म्हटलं, "आपण लांडगे?"

"मीच की," ते उठत म्हणाले. "मला वाटलं, औंदा पोरीनं वरल्या आळीच्या चुलतभावाला काम दिलं. म्हटलं, बघून तरी जावं, येतोय का वेळेवर."

म्हणजे त्या तासाभरात दोन माणसं आतून तुटत होती, एक गंजीमागे आणि एक बाभळीखाली, आणि दोघांच्या मधोमध मी, व्याकरण घेऊन! मी माफी मागितली. एकदा मराठीत आणि, घाबरले की होतं तसं, एकदा इंग्रजीत. मागून शशीताईंचा आवाज आला. त्यांचा मफलर खाली होता. "एल लहान आहे ना गं?" आणि त्या कडब्याच्या गंजीला धरून इतक्या हसल्या की अर्धी गंजी खाली आली.

लांडगे मात्र हसले नाहीत. त्यांनी सूर्याकडे पाहिलं, मग आबांकडे. म्हणाले, "उशीर झालाय. चला झपझप."

आम्ही त्यांच्या मागून निघालो, पुढे न जाता. (पुढे जायची भीती नव्हती. ते चालत होते, आम्ही धावत होतो.) आबांच्या गुडघ्याने तालमीत जो असहकार पुकारला होता तो त्या दिवशी कुठे गेला कोण जाणे. एका ओढ्याच्या काठी लांडगे वाकले आणि ओल्या मातीत बोट दाखवलं. पंज्याचे ठसे! ताजे! शशीताईंनी माझा दंड इतक्या जोरात दाबला की निळा डाग आठवडाभर होता. पुढे वाळलेली विष्ठा होती, केसांनी भरलेली. लांडगे म्हणाले, "पहाटं हितनंच गेल्यात. सहा-सव्वासहाला."

मी खाली मान घालून वहीत नोंद केली. सव्वासहाला मी कुठे होते ते लिहिलं नाही.

एका टेकाडावर आम्ही थांबलो. माळ रिकामा होता आणि ऊन गवतावर पसरत चाललं होतं. लांडगे म्हणाले, आता बसले असतील कुठे तरी. तेव्हा आबा त्यांच्याजवळ गेले आणि जे त्यांनी मलासुद्धा सरळ सांगितलं नव्हतं ते त्या अनोळखी माणसाला सांगून टाकलं. "लांडगेसाहेब, मी नातवाला थाप मारली. लांडगे बघितले म्हणून. आता तो माझ्याकडे बघतो तेव्हा मला त्याच्या डोळ्यात दिसतं."

लांडग्यांनी घोंगडी सारखी केली. म्हणाले, "माझा नातू बी असंच बघतोय. मी त्याला सांगितलंय की मी पुण्याला इमानात बसून गेलतो." मग त्यांनी माळाच्या उताराकडे हात केला. तिकडे मेंढरांचा एक कळप चरायला निघाला होता. "त्यांच्या मागं कवा कवा एखादा असतो. बसा ह्या बांधाआड. हलायचं न्हाई."

आम्ही बांधाआड बसलो. मी सगळ्यांना खुणेने कलम चार दाखवलं आणि स्वतः मफलर नाकापर्यंत ओढून घट्ट बांधला, कारण नियम करणाऱ्याने आधी पाळावा. मेंढरं पुढे सरकत होती. घंटांचा किणकिण आवाज येत होता.  दहा मिनिटं झाली, पंधरा झाली. लांडगे हळूच कुजबुजले, "डावीकडं. पिवळ्या गवताच्या कडंला."

आणि माझा चष्मा धुक्याने पांढरा झाला!

मफलर नाकावर घट्ट बांधला आणि श्वास जोरात चालू असला की वाफ कुठे जाते याचा विचार मी कलम चार लिहिताना केला नव्हता. मला गवत दिसेना, माळ दिसेना, शशीताई दिसेनात. मी चष्मा काढला. चष्म्याविना मला समोरचा माणूस पुरुष की बाई एवढाच अंदाज येतो. पदराने काचा पुसल्या, पुन्हा घातला, पुन्हा पांढरा. मफलर सोडायला गेले तर मीच मारलेली गाठ सुटेना. आजूबाजूला कोणी श्वाससुद्धा घेत नव्हतं. मग शशीताईंनी एक लांब निःश्वास सोडला आणि मला कळलं की संपलं.

गाठ सुटली. चष्मा घातला. पिवळ्या गवताच्या कडेला पिवळं गवत होतं.

मी आबांकडे वळले. त्यांनी दुर्बीण डोळ्यांना लावलेलीच नव्हती. ती त्यांच्या मांडीवर पडली होती, आणि ते नुसते बघत होते, जिथे आता काही नव्हतं तिथे. गालांवरून पाणी वाहत होतं. त्यांनी माझा हात धरला आणि त्यांच्या तोंडून मालवणी आली. ती फक्त फार आनंदात किंवा फार दुखलं की येते. "गो, बघलंस?"

पोरांनो, मी आयुष्यभर खोटे दावे फेटाळले. पण त्या हाताला काय सांगू? मी म्हटलं, "हो. बघितला."

लांडग्यांनी माझ्याकडे पाहिलं, माझ्या हातातल्या मफलरकडे पाहिलं आणि दुसरीकडे मान वळवली. फार सभ्य माणूस. मी त्यांना हाकललं होतं, तरी त्यांनी मला उघडं पाडलं नाही.

रविवारचा कॉल तुम्हाला आठवतच असेल. आबा कॉलच्या आधी अर्धा तास दाढी करून बसले होते. त्यांनी नीलच्या डोळ्याला डोळा भिडवला आणि आधी देवगडचं सगळं कबूल केलं. मग माळावरचा लांडगा सांगितला. एक अक्षर वाढवलं नाही. "करडा होता. लांब होता. थांबला, मेंढरांकडे बघितलं आणि गेला."  नीलने थोडा वेळ वाट पाहिली आणि विचारलं, "मग?" आबा म्हणाले, "मग काय नाय. गेला." खऱ्या गोष्टीची ही अडचण असते, ती लवकर संपते.

मग नील माझ्याकडे वळला. "आजी, तू सांग." शेजारी आबा बसलेले, डोळे भरलेले. काय करणार? मी आधी अचूक वेळ सांगितली, ती माझ्याकडे होती. मग त्याचे कान सांगितले. मग शेपूट. तुम्ही दोघं एवढे पुढे सरकलात की स्क्रीनवर फक्त नाकं दिसत होती. मग माझ्या लांडग्याने जांभई दिली. तीन आठवड्यांत त्याला एक मादी आणि चार पिल्लं झाली आहेत, आणि आबा म्हणतात, "माझ्यापेक्षा हिनेच जास्त नीट बघितलं."

तेव्हा रेवा, तू नकाशा काढण्याआधी मीच कळवते: मी तो लांडगा पाहिलेला नाही. चौकशी पूर्ण झाली, दावा नामंजूर. आबांना मात्र हे सांगायचं नाही.

राहिला नीलचा गेल्या रविवारचा प्रश्न, लांडगा माझ्याकडे बघत होता का. मी हो म्हटलं होतं, आणि तेवढं उत्तर मी मागे घेत नाही. एवढा मोकळा माळ, सगळे डावीकडे बघताहेत आणि मधोमध एक बाई हातात चष्मा घेऊन, स्वतःच्याच मफलरशी मारामारी करत उजवीकडे बघते आहे. तो मेंढरांसाठी आला असेल, पण थांबला असणार तो माझ्यासाठीच.